शेऱ्याचा रकाना

ऑफिसात त्याला फूटपट्टी म्हणत. तोंडावर साहेब, आणि पाठ वळली की फूटपट्टी. त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता. तीस वर्षं जमीन मोजणीच्या खात्यात काढलेला हा माणूस पट्टी लावल्याशिवाय साधी रेघ ओढत नसे, अगदी स्वतःच्या सहीखालचीसुद्धा. "नाकासमोर चालणारा माणूस" असं त्याच्या गोपनीय अहवालात दोनदा लिहिलं गेलं होतं आणि ते त्याला कळलंही होतं, कारण अशा गोष्टी कुठल्याच ऑफिसात गोपनीय राहत नाहीत. पूर्वी ते शब्द आठवले की त्याला बरं वाटे. गेल्या वर्षापासून मात्र ते आठवले की तो उठून खिडकी उघडत असे.

निवृत्तीला पाच वर्षं उरली असताना तो तळ्याकाठच्या निसर्ग पर्यटन क्षेत्राचा व्यवस्थापक झाला होता. लाकडी फाटक, फाटकाशी तिकिटाची खिडकी, तिच्यामागे त्याची दहा बाय बाराची खोली. दिवसाला दीडशे माणसं, एकही जास्त नाही. होड्यांना इंजिन नाही. आत जाणाऱ्याच्या पाण्याच्या बाटल्या मोजायच्या, बाहेर येताना पुन्हा मोजायच्या. एकदा एका मंत्र्याच्या मेहुण्याला एकशेएक्कावन्नावा म्हणून त्याने परत पाठवलं, तेव्हा रखवालदाराने तीन दिवस ती गोष्ट चहाबरोबर सगळ्यांना पाजली.

क्षेत्र चांगलं होतं, आणि तिथेच तर त्याची गोची होती. ते वाईट असतं तर त्याला सगळं खापर नियमांवर फोडता आलं असतं. पण दोन वर्षांपूर्वी याच तळ्यात लोक ट्रक धूत होते. एका बिल्डरने दक्षिणेकडचं टोक बुजवायला मातीसुद्धा आणून टाकली होती. आता ती माती उचलली गेली होती आणि पाणी तळापर्यंत दिसत होतं. हे त्याने केलं होतं, कागदावर कागद लावून. आणि त्या कागदांतला एक कागद खोटा होता.

खोटा म्हणजे त्यात लिहिलेलं खोटं नव्हतं. ते अक्षरशः खरं होतं. म्हणूनच तो कुणाच्या हाती लागत नव्हता.

एका सोमवारी सकाळी रखवालदार एका म्हातारीला घेऊन खोलीत आला. तिच्या एका हातात तिकीट होतं आणि रखवालदाराच्या हातात तिचा विळा.

"साहेब, या आजी पाणकणसांत शिरल्या होत्या. गाभा क्षेत्रात. कापत होत्या."

"तिकीट काढून आलेय मी," म्हातारी म्हणाली. "रांगेत उभी राहून. त्रेचाळीसावा नंबर. चोर कधी तिकीट काढतो का रे?"

"आजी, तिकीट बघण्याचं असतं, कापण्याचं नसतं."

"मग तसं त्याच्यावर लिहा की." मग तिने टेबलामागे पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. "बाळ्या! तू इथं बसतोस होय? खोली बरी आहे. वारा येतो."

रखवालदाराने हळूच साहेबांकडे पाहिलं. साहेबांना कुणी बाळ्या म्हणतं, ही बातमी संध्याकाळपर्यंत होडीवाल्यांकडे जाणार होती. पण साहेबांच्या चेहऱ्यावरचा रंग असा उडाला होता, की त्याने ओठांवर आलेलं हसू गिळलं आणि विळा टेबलावर ठेवून तो बाहेर निघून गेला.

ती त्याची मावशी. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता, आणि त्यानंतर त्याच्या अंगावरचा प्रत्येक कपडा, प्रत्येक वही या पाणकणसांतून आली. मावशी आणि तिच्यासारखी आणखी दहा घरं तळ्यातली पाणकणसं कापत, वाळवत, चटया विणत. तळ्याकाठच्या त्या गल्लीतलं दुसरं काम नव्हतं. आणि त्यांचा एकच नियम होता, कुठे न लिहिलेला: पाणकोंबड्या अंड्यावर बसल्या, की पिल्लं पोहायला लागेपर्यंत विळा बंद. तेवढे अडीच-तीन महिने अकराच्या अकरा विळे मावशीच्या घरात, तुळईला लटकलेले असत, म्हणजे कुणाला मोह नको. त्या दिवसांत ती माणसं पाण्याकडे फिरकतसुद्धा नसत. बाकीचे महिने ती गवताच्या भिंतीत वाटा पाडत कापत जात, आणि त्याच वाटांनी पुढच्या वर्षी पिल्लं पोहत.

"जबाब घ्यावा लागेल," तो म्हणाला. 

"घे की. मी काय पळून चाललेय?" ती खुर्चीत टेकली. "चटईसाठी शिरले. आणि आतल्या वाटा पार बुजल्यात, बघितलंस का? जुनं गवत आडवं पडून कुजतंय. वर्षभर विळा लागला नाही ना."

"यादीत नाव नाही तुझं. यादीत नसलेल्याला आत कापायला मनाई आहे."

"तेच तर कळत नाही मला. राहून गेलं असेल लिहिण्यात. तू तीन दिवस काठावर झाडाखाली मांडी ठोकून बसला होतास, मी रोज दुपारी डबा आणून देत होते. तेव्हाच विचारायचंस ना, मावशी, तुझं नाव काय म्हणून!" आणि ती आपल्याच विनोदावर हसली.

तो लिहीत राहिला. पट्टीशिवाय लिहीत होता, आणि ओळ खाली घसरत चालली होती.

ते तीन दिवस असे होते. क्षेत्र जाहीर करण्यापूर्वी 'पूर्वापार वापर करणाऱ्यांची यादी' लागत होती, नमुना सात. सलग तीन दिवस जागेवर बसून पाहणी करायची, जे वापर करताना दिसतील त्यांची नावं लिहायची. नावं यादीत आली की त्यांना आत जाण्याची, कापण्याची कायमची मुभा. नियम कुणा भल्या माणसाने केला होता. फक्त आदेश आला तो पाणकोंबड्या अंड्यावर बसल्या असताना, आणि मुदत होती महिनाअखेरची.

तो तीन दिवस झाडाखाली बसला. अर्थातच कुणी आलं नाही. मावशी आली ती डबा घेऊन, विळ्याशिवाय, आणि पाण्यापासून पन्नास पावलांवर थांबून. "पुढे येत नाही हं, कोंबडी घाबरेल," असं कुजबुजत. त्याने डबा खाल्ला, हात धुतले आणि तिसऱ्या संध्याकाळी नमुना सातमध्ये लिहिलं: निरंक. म्हणजे कुणी नाही.

कागदाच्या उजव्या कडेला शेऱ्याचा रकाना होता. त्यात दोन ओळी पुरल्या असत्या: सध्या वीण चालू असल्याने कापणी बंद आहे, अकरा कुटुंबं आहेत. त्याने मोठ्या साहेबांना विचारलंही होतं.

"शेरा लिहिला की शंका निघते," मोठे साहेब म्हणाले होते. "शंका निघाली की फाईल खाली येते. खाली आलेली फाईल पुन्हा वर गेलेली तू पाहिलीस कधी? मुदत गेली की बिल्डर बसलाच आहे टपून. यादी काय, नंतर दुरुस्त करू."

नंतर मोठे साहेबच बदलून गेले. पण त्यांच्यावर सगळं ढकलणंही त्याला जमत नव्हतं, कारण मोठ्या साहेबांना माहीत नसलेली एक गोष्ट त्याला माहीत होती. अकरांतलं एक घर त्याच्या मावशीचं होतं, आणि नियम चौदा होता: यादीतल्या कुणाशी जवळचं नातं असलेल्या माणसाला क्षेत्राचा व्यवस्थापक नेमता येणार नाही. तीस वर्षं दुसऱ्यांच्या बांधांवर उन्हात उभं राहिल्यावर त्याला ही खोली हवी होती. हे तळं हवं होतं. मावशीचं नाव लिहिलं असतं तर खोली गेली असती. त्याने रकाना कोरा ठेवला, आणि कोऱ्या जागेत कुणी काही भरू नये म्हणून नियमाप्रमाणे तिच्यावर एक तिरपी रेघ मारली. पट्टीने.

मग हरकतींसाठी नोटीस लागली, एक महिन्याची. एकही हरकत आली नाही. का आली नाही, ते त्याला मावशीकडूनच कळलं होतं, एका रविवारी गप्पांच्या ओघात. गल्लीतले थोरले काका, सगळ्यांत वयस्कर कापणीवाले, हरकत घ्यायची का म्हणून विचारायला आले होते. "मी म्हटलं, हरकत कसली घेताय? आपलं पोरगं बसलंय तिथं. आपल्याच पोराच्या कागदावर हरकत घ्यायची? दात आपले, ओठ आपले." हे सांगताना तिच्या स्वरात अभिमान होता.

जबाबावर मावशीने अंगठा नको म्हणून सही केली. सही तिला त्यानेच शिकवली होती, सातवीत असताना. मग नियमाप्रमाणे विळा जप्त झाला आणि प्रकरण शुक्रवारच्या समितीपुढे गेलं. वर्षातून एकदा भरणारी समिती. गाभा क्षेत्रात हत्यारासह सापडलेल्या, यादीबाहेरच्या माणसाला कायमची प्रवेशबंदी, असं कलम होतं. म्हणजे शुक्रवारी त्याच्या निरंकच्या आधारावर त्याच्या मावशीला तळं बंद होणार होतं, तिकीट काढूनसुद्धा.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. ती शाळेत गणित शिकवायची आणि गोष्टी क्रमाने विचारायची.

"अहो, त्या तीन दिवशी डबा कुणाचा खाल्लात?"

"तिचाच."

"आणि संध्याकाळी लिहिलंत कुणी दिसलं नाही."

"वापर करताना कुणी दिसलं नाही, असं लिहिलं. ते खरं आहे."

"खरं आहेच," ती म्हणाली आणि वह्या तपासायला बसली. थोड्या वेळाने मान वर न करता म्हणाली, "मुलं असं करतात. उत्तर बरोबर असतं, गणित कुठून तरी उचललेलं असतं. मी अर्धे मार्क देते. तुम्हाला किती द्यायचे ते तुम्हीच ठरवा."

मंगळवार, बुधवार, गुरुवार. तो फाटकाशी उभा राहून माणसं मोजत होता. दीडशे. दीडशे. एकशेअठ्ठेचाळीस. मार्गदर्शक पोरी पर्यटकांना सांगत, "इथे माणसाचा हात लागलेला नाही," आणि तो दुसरीकडे बघे. संध्याकाळी तो एकटाच निरीक्षणाच्या मनोऱ्यावर चढला. वरून पाणकणसांचं रान एकसंध दिसत होतं, गच्च, न विंचरलेलं. त्याला आठवलं, लहानपणी मावशीच्या खांद्यावरून इथे पांढऱ्या पाण्याच्या रेघा दिसायच्या, वाकड्यातिकड्या, कुठलीच पट्टी न लावलेल्या.

शुक्रवारी समिती भरली. अध्यक्षबाई पूर्वी न्यायाधीश होत्या. चष्मा नाकाच्या टोकावर, बोलणं कमी. त्यांच्या शेजारी पक्षितज्ज्ञ, कॉलेजात शिकवणारे. भिंतीशी बाकावर मावशी, धुतलेलं लुगडं नेसून, शाळेच्या स्नेहसंमेलनाला आल्यासारखी खुशीत. बाळ्याचं ऑफिस दुसऱ्यांदा बघायला मिळत होतं.

आधी पक्ष्यांचा अहवाल झाला. पाणकोंबड्यांची घरटी मागल्या वर्षी चौसष्ट होती, यंदा एकोणीस.

"मला हे उलगडत नाही," पक्षितज्ज्ञ म्हणाले. "आपण सगळा उपद्रव थांबवला, आणि घरटी कमी झाली. गवत इतकं दाटलंय की आत पाणीच मोकळं नाही. असं रान आपलं आपण मोकळं राहत नाही, कुणीतरी कापत असलं पाहिजे. पण नमुना सातमध्ये निरंक आहे." त्यांनी मान वळवली. "व्यवस्थापक, पाहणी तुमचीच ना?"

"माझीच."

"मग कापत कोण होतं?"

 'माहिती घेऊन कळवतो', हे वाक्य त्याच्या जिभेवर तयार होतं. तीस वर्षांत ते कधी फसलं नव्हतं. बाकावरून मावशी त्याला डोळ्यांनी खुणावत होती, सांग की, आम्हीच म्हणून. तिला वाटत होतं तो लाजतोय.

तो उभा राहिला. "अकरा कुटुंबं कापत होती. मला माहीत होतं. वीण चालू असली की ती पाण्यात पाय टाकत नाहीत, म्हणून तीन दिवसांत दिसली नाहीत. हे शेऱ्यात लिहिता आलं असतं. मी लिहिलं नाही."

"का?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"फाईल अडली असती, हे एक. आणि..." त्याने बाकाकडे पाहिलं नाही. "त्यांतलं एक कुटुंब माझ्या मावशीचं आहे. तिचं नाव आलं असतं तर नियम चौदाप्रमाणे मला ही जागा मिळाली नसती."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पुढचं सगळं पंधरा मिनिटांत उरकलं. बंदीचा प्रस्ताव मागे. पाहणी पुन्हा, कापणीच्या महिन्यांत, दुसऱ्या अधिकाऱ्याकडून. व्यवस्थापकाने आजच कार्यभार सोडावा, चौकशी रीतसर होईल. "तुम्ही सांगितलंत ते नोंदवून घेते," त्या म्हणाल्या, "पण उशिरा सांगितलंत हेही नोंदवते."

मावशी बाकावरून उठली नव्हती. तिला शब्द सगळे कळले होते, अर्थ हळूहळू पोचत होता. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. चार दिवस त्याने मनात जुळवलेली माफी कुठल्या कुठे गेली होती.

"म्हणजे राहून गेलं नव्हतं," ती म्हणाली.

"नाही."

"डबा खाऊन झाल्यावर लिहिलंस का आधी?"

"नंतर, संध्याकाळी."

तिने मान हलवली, जणू एवढाच तपशील कमी पडत होता. मग ती उठली. त्याने हात पुढे केला, तो तिने धरला नाही.

"मी सगळ्यांना अडवलं," ती म्हणाली. "हरकत घेऊ नका म्हटलं. वर्ष झालं, गल्लीत कुणी माझ्याशी धड बोलत नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला वाटायचं, माझ्या शब्दावर राहिले आणि बुडाले, म्हणून रागावलेत. मी काय करणार होते? खाली मान घालून पाणी भरत होते." तिचा आवाज चढला नाही. "तू जा आता. दहाही घरी जा. हे इथं टेबलापुढं बोललास ते त्यांच्या उंबऱ्यावर उभं राहून बोल. मी येणार नाही तुझ्याबरोबर."

दुपारीच त्याने चाव्या दिल्या आणि तो गल्लीत गेला. पहिलं घर थोरल्या काकांचं. ते उंबऱ्यात बसून प्लास्टिकच्या रंगीत पट्ट्यांची चटई विणत होते. पाणकणीस बंद झाल्यापासून गल्लीत हेच चालू होतं. पट्ट्या बोटांना कापत असाव्यात, कारण त्यांनी दोन बोटांना चिंध्या गुंडाळल्या होत्या.

"काका, मला एक सांगायचं होतं."

"नमुना सातचं?" थोरल्यांनी वर न बघता विचारलं.

तो उंबऱ्याजवळ खाली बसला.

"सुनेनं वाचून दाखवलं होतं," थोरले म्हणाले. "नोटीस लागली त्याच आठवड्यात. निरंक. खाली तुझी सही, सहीखाली सरळ रेघ. अशी रेघ गावात दुसरं कोण मारतं?"

"मग हरकत का नाही घेतली?"

"विचारायला गेलो होतो तिच्याकडं. हरकतीचं नुसतं काढलं, निरंकचं सांगणार तोवर म्हणाली, आपलं पोरगं बसलंय तिथं." त्यांनी एक पट्टी ओढून घट्ट केली. "त्यावर काय बोलायचं? तुझ्या पोरानंच आपल्याला पुसून टाकलं, असं सांगायचं? म्हातारी मोडली असती. दहा घरं जमलो. पोरं भांडली खूप. शेवटी ठरलं, राहू दे. हात आहेत, दुसरं काही विणू."

"तिला वाटतंय, तुम्ही तिच्यावर रागावलात."

"बोलायला गेलो तर तळ्याचा विषय निघणार. विषय निघाला की तुझं नाव निघणार. कुणाच्या तोंडून कधी सुटलं असतं, काय सांगावं. म्हणून बोलणंच कमी केलं." थोरल्यांनी आता मान वर केली. त्यांच्या नजरेत राग असता तर त्याला तो झेलता आला असता. "तुला काय वाटलं, झाकत तू एकटाच होतास?"

आतून भांड्यांचा आवाज येत होता.  तो उठला.

"कुठं निघालास?"

"पुढच्या घरी. मावशीनं सांगितलंय, दहाही घरी जाऊन सांग."

"जा. पण त्यांना नवं काही नाही त्यात. नवं तिलाच आहे." थोरल्यांनी पुन्हा विणायला घेतलं. "आम्ही का गप्प होतो, ते आधी तिला जाऊन सांग. वर्षभर तिनं उगाच मान खाली घातलीय. आम्ही गेलो तर तिला वाटेल समजूत काढतायत. तुझ्या तोंडून जाऊ दे."

तो गल्लीत आला. डाव्या हाताला नऊ दारं होती, बहुतेक उघडी, आणि त्यांतल्या प्रत्येक दारात त्याला वर्षभर "काय साहेब, बरंय ना?" असं हसून विचारणारी माणसं राहत होती. उजव्या हाताला, टोकाला, मावशीचं दार. तेही उघडं होतं. त्या दारात जाऊन त्याला सांगायचं होतं, की तिच्यावर कुणी रागावलं नव्हतं. की तिच्यासाठी दहा घरांनी तळं सोडलं, आणि खोली मिळते म्हणून त्याने तिला सोडलं. ही दोन्ही वाक्यं एका दमात सांगावी लागणार होती, एक सांगून दुसरं गिळता येण्यासारखं नव्हतं.

तो उजवीकडे वळला. चार पावलांवर मावशी बाहेर आली, तिने त्याला येताना पाहिलं आणि हातातली बादली खाली ठेवली. आत गेली नाही, पुढेही आली नाही.

"मावशी," तो दुरूनच म्हणाला, कारण जवळ गेल्यावर जमणार नाही हे त्याला ठाऊक होतं, "आणखी एक सांगायचं राहिलंय."